घराचा आराखडा : चुका आणि त्यांची दुरुस्ती

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्राला परिचित आहे. रामनवमीच्या उत्सवासाठी या परिसरात येणाऱ्या यात्रेकरूने वाटेतील गावांकडे जरा निरखून पाहिले, तर मराठवाड्यातील घरबांधणीच्या दोन रीती त्याला शेजारी शेजारी उभ्या दिसतात. एकीकडे दगडमातीच्या रुंद भिंतींची, लाकडी खांब-तुळयांवर माळवद पेललेली जुनी घरे, तर दुसरीकडे सिमेंटचे खांब आणि स्लॅब असलेली नवी घरे. या दोहोंत सामग्रीचा फरक आहे, हे कोणाच्याही ध्यानात येते. परंतु त्याहून महत्त्वाचा एक फरक डोळ्यांना दिसत नाही. जुने घर कागदावर कधी काढलेले नव्हते. नवे घर आधी कागदावर उभे राहते.

जुन्या घराचे माप ‘खणां’त होत असे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. तीन खणांची ओसरी, पाच खणांचे माजघर असे सुताराने म्हटले, की घरधन्याच्या डोळ्यांसमोर ती जागा उभी राहत असे. कारण तो स्वतः तसल्याच खणांत जन्मलेला व वाढलेला होता. आज आराखडा बहुधा तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणाहून तयार होऊन येतो. त्यातील रेषा घरधन्याला वाचता येत नाहीत आणि घरधन्याचा दिनक्रम वास्तुशिल्पज्ञाला ठाऊक नसतो. नियोजनातील बहुतेक चुका या दोन अज्ञानांच्या सांध्यात जन्म घेतात. त्या वेळीच ओळखल्या, तर एका कागदावर निभावते; उशिरा ओळखल्या, तर भिंत फोडावी लागते आणि कित्येकदा भिंत फोडूनही भागत नाही.

कागदावरचे माप, जमिनीवरचे माप

सर्वांत साधी आणि सर्वांत सार्वत्रिक चूक मापाची असते. खोली बारा फुटांची असे आराखड्यात लिहिलेले असते; पण ते माप भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरले आहे, की आतल्या बाजूचे आहे, हे विचारले जात नाही. नऊ इंची भिंत असेल, तर मध्यापासून मोजलेल्या बारा फुटांची खोली आत सव्वाअकरा फूटच भरते. गिलाव्यात आणखी इंचभर जाते. पलंग, कपाट आणि दार उघडण्याची जागा यांचा हिशेब मग चुकतो.

जिना हे अशा चुकांचे हमखास ठिकाण आहे. एका मजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत दहा फूट, म्हणजे १२० इंच उंची असेल आणि पायरीची उंची सात इंचांच्या आसपास ठेवायची असेल, तर सतरा चढ लागतात. दहा इंच रुंदीच्या सोळा पायऱ्या सरळ रेषेत मांडल्या, तर १३ फूट ४ इंच लांबी लागते. मध्ये तीन फुटांचा टप्पा देऊन जिना उलट वळविला, तरी पहिल्या भागाच्या आठ पायऱ्या व टप्पा मिळून ९ फूट ८ इंच हवेत. आराखड्यात आठ फुटांच्या चौकटीत जिना दाखविलेला असेल, तर तो प्रत्यक्षात उभा चढाचा होणार, हे पाटी-पेन्सिल घेऊन कोणत्याही शिक्षकाला दाखवून देता येईल. घरातील वृद्धांची आणि डोक्यावर धान्याचे पोते घेऊन गच्चीवर जाणाऱ्यांची गैरसोय त्यानंतर कायमची ठरते.

गावठाणातील जागा क्वचितच काटकोनी असते. आराखडा मात्र चौकोनी येतो. जागेच्या चार बाजू मोजून दिल्या जातात, पण कर्ण मोजले जात नाहीत. चारी बाजू जुळूनही जागा तिरपी असू शकते. मग पाया आखताना गवंडी गुण्या लावतो आणि एक कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीत शिरलेला आढळतो. दोन्ही कर्ण मोजून आराखडा करणाऱ्यास दिले असते, तर हा तंटा उद्भवलाच नसता.

दुसऱ्या प्रकारच्या चुका राहणीच्या असतात. या भागात वेचणीचा कापूस भाव येईपर्यंत पुष्कळ शेतकरी घरातच साठवितात. आराखड्यात ‘शयनगृह’ असे नाव असलेली खोली दिवाळीनंतर काही महिने कापसाने छतापर्यंत भरलेली असते आणि माणसे ओसरीवर निजतात. अवजारे, बी-बियाणे, खतांच्या गोण्या, जनावरांचा चारा यांना आराखड्यात नाव नसते, म्हणून जागाही नसते. शौचालयाचे दार स्वयंपाकघरासमोर उघडते. सुनेला मोरीकडे जाण्यासाठी बैठकीतल्या पाहुण्यांसमोरून जावे लागते. या गोष्टी नियमपुस्तकात चूक ठरत नाहीत. त्या घरात राहणाऱ्यांना मात्र रोज जाचतात.

हवामानाकडे दुर्लक्ष ही तिसरी बाब होय. जांब समर्थचा परिसर साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो आणि दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसे पडत नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे कलून सुमारे ४७ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असला, की उन्हाळ्यात सावली व हिवाळ्यात ऊन असा दुहेरी लाभ मिळतो. पश्चिमेचे तसे नाही. मे महिन्यात सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य इतका खाली असतो, की दोन फुटांच्या छज्ज्याची सावली जेमतेम फूटभर खाली उतरते. शहरी नमुन्यावरून पश्चिमेला मोठ्या काचेच्या खिडक्या आणि त्यामागे निजण्याची खोली दाखविलेली असेल, तर ती खोली उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारे बहुतांशी पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून वाहतात. त्या बाजूस चूल वा शौचालय ठेवल्यास धूर व दुर्गंधी घरभर पसरते.

सांडपाण्याची चूक तर एका घरापुरती राहत नाही. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. १८ मीटर म्हणजे सुमारे ५९ फूट. एक गुंठ्याची चौरस जागा प्रत्येक बाजूस ३३ फूट भरते. अर्थात शोषखड्ड्याची जागा ठरविताना स्वतःच्या जागेबरोबर शेजाऱ्यांच्या विहिरी आणि विंधणविहिरीही आराखड्यावर दाखविल्या पाहिजेत. त्या बहुधा दाखविलेल्या नसतात.

काळी माती

या सर्वांहून गंभीर चूक जमिनीखाली दडलेली असते. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी माती कापसाला आणि उसाला मानवते, घराला मानवत नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात जमिनीतील ओल सिंचनाच्या पाळ्यांनुसारही बदलते. पाया या मातीतच टेकलेला असेल, तर घराचा एक भाग उचलला जातो व दुसरा खचतो आणि दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात.

इतर गावी चार-पाच फुटांवर मुरूम लागला, म्हणून येथेही लागेल, असे धरून पायाची खोली आराखड्यावर लिहिली जाते. जागेवर चाचणी खड्डा घेण्याचा खर्च अल्प, पण तो वाचविला जातो. मुरूम आवाक्यात असेल, तर पाया काळ्या मातीतून पार नेऊन मुरमावर टेकवावा, हा सरळ उपाय आहे. काळ्या मातीचा थर फार जाड असेल, तर खाली कंदासारखा फुगवटा असलेले सिमेंट-काँक्रीटचे खुंट जमिनीत उतरवून त्यांवर तुळया बांधण्याची पद्धत आहे. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ती आपल्या देशात रूढ केली व भारतीय मानकातही तिचा समावेश आहे.

मातीचा स्वभाव ओळखण्याची एक मानक चाचणी तर शाळेच्या प्रयोगशाळेतही समजून घेता येते. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावयाची, एकात पाणी व दुसऱ्यात रॉकेल भरावयाचे आणि २४ तासांनी मातीची पातळी वाचावयाची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातील माती त्या मानाने पन्नास टक्क्यांहून अधिक फुगली, तर त्या जमिनीवर नेहमीच्या पद्धतीचा पाया घालणे धोक्याचे समजावे. अंतिम निर्णयासाठी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वा तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा, हे ओघाने आलेच.

किल्लारीचा अनुभव

एका घराच्या आराखड्यात चूक झाली, तर एक कुटुंब सोसते. संपूर्ण गावांचा आराखडा चुकला, तर काय होते, हे मराठवाड्याने जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. गोल दगड मातीत बसवून रचलेल्या रुंद भिंती आणि माळवदाचा प्रचंड भार ही प्राणहानीची प्रमुख कारणे ठरली. भिंतीच्या आरपार जाणारे सांधणारे दगड नसल्यामुळे भिंतींचे आतले व बाहेरचे पापुद्रे सुटे होऊन कोसळले. मात्र ज्या घरांत माळवदाचा भार चांगल्या लाकडी खणांवर होता, तेथे भिंती ढासळूनही सांगाडा पुष्कळदा उभा राहिला.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. ती भूकंपरोधक होती आणि इतक्या अल्पावधीत एवढे बांधकाम उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि अनेक नव्या गावांची मांडणी शहरातील वसाहतीप्रमाणे सरळ रस्ते व सारख्या रांगा अशी झाली. जुन्या गावठाणाच्या कित्येक पट जागेवर गाव पसरले. भावकीची घरे दूर गेली, शेताची वाट लांबली. गोठा, कडबा व अवजारे यांच्या जागेची उणीव भासली. काही वर्षांतच लोकांनी पत्रे, कूड आणि भिंती घालून आपापल्या घरांना पडव्या जोडल्या. आराखड्यात जे विसरले होते, ते राहणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने भरून काढले, असाच त्या पडव्यांचा अर्थ लावावा लागतो.

याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात, कमी हानी झालेल्या गावांत, लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती वा फेरबांधणी मूळ जागीच, घरमालकांच्या हातून झाली. शासनाने अर्थसाहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन दिले. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रियांनी ‘संवाद सहायक’ म्हणून अभियंते आणि कुटुंबे यांच्यामधील दुव्याचे काम केले. दार कोठे हवे, मोरी कोठे हवी, हे तेथे आधी विचारले गेले.

फक्कीची आखणी

आराखडा वाचता येत नाही, या अडचणीवर गावातच एक जुना उपाय आहे. पाया खोदण्यापूर्वी गवंडी चुन्याच्या फक्कीने भिंतींच्या रेषा आखतोच. ही आखणी कुदळ मारण्याच्या दिवशी न करता आठ दिवस आधी करावी. आखलेल्या घरात खाटा, कपाट, कणगी प्रत्यक्ष नेऊन मांडावीत. दारांच्या झडपा किती फिरतात, हे दोरीने काढावे. चुलीपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून परसापर्यंत घरातील स्त्रियांनी चालून पाहावे. सकाळी व सायंकाळी ऊन कोणत्या खोलीवर पडते, हे पाहावे. ट्रॅक्टरची ट्रॉली अंगणात वळते का, याचीही परीक्षा तेव्हाच होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मोकळ्या जमिनीवर आखलेली खोली नेहमीच असावी त्याहून लहान भासते. त्या भासाला भुलून घरधनी भिंती एक-दोन फूट सरकविण्यास सांगतो आणि खांब, तुळया, लोखंड यांचे सर्व गणित बिघडते. खोली पुरते की नाही, हे डोळ्यांनी न ठरवता आत मांडलेल्या वस्तूंवरून ठरवावे. बदल करावयाचा असेल, तर तो गवंड्याला तोंडी न सांगता वास्तुशिल्पज्ञाकडून कागदावर करून घ्यावा. सुधारित आराखड्यावर क्रमांक व दिनांक असावा आणि आधीची प्रत बांधकामाच्या जागेवरून काढून घ्यावी. दोन वेगवेगळ्या प्रती जागेवर असल्यामुळे झालेल्या चुकांचा दोष पुढे कोणाकडेच देता येत नाही.

न्यायाने हेही म्हटले पाहिजे, की वास्तुशिल्पज्ञाच्या माथी मारल्या जाणाऱ्या पुष्कळ चुका त्याच्या नसतात. स्लॅब पडण्याच्या वेळी ‘आणखी एक खोली’ वाढविणारा घरधनी, कोणाच्या तरी सल्ल्यावरून ऐनवेळी दाराची दिशा फिरविणारे नातेवाईक आणि लोखंड वाचविणारा कंत्राटदार यांचाही त्यांत वाटा असतो. म्हणून दोष ठरविण्यापूर्वी तीन गोष्टी ताडून पाहाव्यात : आराखड्यात काय आहे, जागेवर काय झाले आहे आणि मध्यंतरी कोणी काय बदलावयास सांगितले.

चूक उघडकीस आल्यावर

चूक लक्षात येताच त्या भागाचे काम थांबवावे. ‘आता एवढे झालेच आहे, पुढचे पाहू’ या विचाराने पुढचा थर चढविला, की दुरुस्तीचा खर्च वाढत जातो. छायाचित्रे घ्यावीत, मापे नोंदवावीत आणि वास्तुशिल्पज्ञास लेखी कळवून जागेवर बोलवावे. प्रामाणिक व्यावसायिक बहुधा या टप्प्यावरच सुधारित आराखडा देतो व प्रकरण मिटते. करारात आराखड्यातील चुकीमुळे होणाऱ्या फेरकामाचा खर्च कोणी सोसावा, हे कलम आधीच घातलेले असेल, तर वादाला जागा राहत नाही. मेहनतान्याची रक्कम एकदम न देता कामाच्या टप्प्यांनुसार देणेही हिताचे असते.

जोत्यापर्यंत काम आले असेल, तर विटांच्या भिंतीतील दार-खिडकीची जागा बदलणे सहसा कठीण नसते. मात्र नव्या फटीवर योग्य लिंटेल हवे. शौचालयाचे दार दुसऱ्या भिंतीत नेता येते किंवा मध्ये आडभिंत घालता येते. जिना अपुरा पडत असेल, तर पायऱ्या उंच करण्याऐवजी त्याची सुरुवात ओसरीवरून करावी अथवा जिना घराबाहेर घ्यावा. पश्चिमेच्या खिडकीसाठी उभे आडोसे, पडवी किंवा मांडव उपयोगी पडतो. झाडे लावावयाची तर काळ्या मातीत ती भिंतीपासून दूर असावीत, कारण मुळे पायाखालची ओल ओढून घेतात. खांब, तुळई वा स्लॅब यांना मात्र संरचना अभियंत्याच्या लेखी सल्ल्याशिवाय छिन्नी लावू नये. जुन्या पद्धतीच्या, भिंतींवर भार असलेल्या घरात भिंत काढतानाही हाच नियम लागू आहे.

काळ्या मातीमुळे भेगा पडू लागल्या असतील, तर प्रथम पाण्याचा बंदोबस्त करावा. पागोळ्यांचे व मोरीचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. भिंतीलगतची काळी माती काढून मुरूम भरावा व घराभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करावी. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून शेजारी दिनांक लिहावा. पट्टी तडकली, तर हालचाल चालू आहे, असे समजावे. पट्टी शाबूत असताना एक पावसाळा व एक उन्हाळा गेल्यावरच भेग बुजविण्याचा खर्च करावा.

दाद कोठे मागावी

आराखडा करणारी प्रत्येक व्यक्ती वास्तुशिल्पज्ञ असतेच असे नाही. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असलेल्यासच ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावता येते. ही मनाई उपाधीपुरती आहे. आराखडे करण्याचे काम इतरांना बंद नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. म्हणून नोंदणी क्रमांक विचारून घेणे आणि तो करारात लिहिणे अगत्याचे आहे. नोंदणीकृत व्यावसायिकाने गैरवर्तन केल्यास परिषदेकडे तक्रार करता येते. चौकशीअंती परिषद त्याला समज देऊ शकते, त्याचा व्यवसाय काही काळ स्थगित करू शकते किंवा नोंदवहीतून नाव काढू शकते. नुकसानभरपाई मात्र तेथे मिळत नाही.

भरपाईसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटी या सदरात आराखड्यातील चूक मोडू शकते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, म्हणजे जांब समर्थच्या रहिवाशाला जालन्याबाहेर जावे लागत नाही. मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. करार, पावत्या, आराखड्याच्या सर्व प्रती, पत्रव्यवहार आणि त्रयस्थ अभियंत्याचा अहवाल हा पुरावा होय. फोडतोड करून दुरुस्ती आधी उरकली आणि अहवाल नंतर घेतला, तर पुरावाच नाहीसा होतो, ही चूक अनेकांकडून होते.

ग्रामपंचायतीचा संबंध येथे दुहेरी आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली बांधकामाच्या परवानगीचे अर्ज तिच्याकडे येतात. त्याच वेळी शाळाखोली, अंगणवाडी, समाजमंदिर या इमारतींची ती स्वतःच मालक असते. वर्गखोलीत फळ्यामागच्याच भिंतीत खिडकी आली, तर मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो व फळा दिसत नाही. उजेड मुलांच्या डाव्या हाताने यावा, म्हणजे लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही. मंजुरीला आलेला आराखडा शाळेतील शिक्षकाने व अंगणवाडी सेविकेने एकदा पाहिला, तर अशा बाबी सभेतच निदर्शनास येतात. काम पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष झालेल्या बांधकामाचा नकाशा करून घ्यावा आणि त्याची एक प्रत पंचायतीच्या दप्तरात, घराच्या बाबतीत मालकाच्या मिळकतीच्या कागदांबरोबर, ठेवावी. दहा-पंधरा वर्षांनी कोणी भिंत पाडावयास वा नळ टाकावयास निघाला, तर खांब, तारा आणि नळ कोठून गेले आहेत, हे त्याला त्या कागदावरून कळते.